मॅडम वर्गावर येत नाहीत

किकवी, ता. भोर

प्रिय शेफाली,

पुण्याच्या प्रशिक्षणात जेवणाच्या रांगेत तू मला मिठी मारलीस आणि म्हणालीस, "अंजू, किती बारीक झालीस गं! आणि हे बघ, प्राध्यापकांच्या अनुभवांचं पुस्तक काढतोय आम्ही, शिकवणं आणि शिकणं या विषयावर. तुझा लेख पाहिजेच." मी हो म्हणाले. तुझ्या मागे चार जण तुझ्याशी बोलायला थांबले होते, माझ्या हातात ताट होतं, हो म्हणणं सोपं होतं. घरी येऊन दोनदा लिहायला बसले. पहिल्या वाक्यापुढे काही गेलं नाही. आज लिहितेय, पण हा तू मागितलेला लेख नव्हे. हे फक्त तुला आहे.

आधी घरचं सांगते. आमचे दादा बरे आहेत. गुडघे गेलेत, पण रोज हायवेवरच्या आमच्या जुन्या पंक्चरच्या दुकानापर्यंत चालत जातात आणि आता दुकान चालवणाऱ्या माणसाला सल्ले देऊन येतात. तुझी आठवण काढतात. होस्टेलवर असताना तू चौदा एप्रिलला आमच्याकडे आली होतीस, आईच्या हातचं पोटभर जेवलीस आणि रात्री मिरवणुकीत माझ्यापेक्षा जास्त नाचलीस. आंबवड्याच्या एवढ्या मोठ्या घरातली पोरगी आपल्या चुलीपाशी बसून भाकरी थापायला शिकते, याचं दादांना फार कौतुक. परवा विचारत होते, "शेफाली आता मोठी साहेब झाली म्हणतात. तुझं काय झालं गं?" माझं काही झालं नाही. मी अजून तासिका तत्त्वावरच आहे. जून आला की मुलाखत, मार्च संपला की रजा. पूर्वी आठवड्याला जेवढे तास मिळायचे त्याच्या निम्मे आता मिळतात. का, ते तुला माहीत आहे.

वेल्ह्याचं कॉलेज तू सोडून गेलीस तेव्हा होतं तसंच आहे. तालुक्याचं नाव कागदावर बदललं, पण कंडक्टर अजून "वेल्हे, वेल्हे"च ओरडतो. तू आणि मी एकाच वर्षी तिथं रुजू झालो, तू राज्यशास्त्राला कायम, मी भूगोलाला तात्पुरती. त्याचा मला कधी राग आला नाही, खरंच सांगते. कारण तू शिकवायचीस तशी मला कधी शिकवता आलं नाही. मी फळ्यावर नकाशा काढायचे, मुलं तो वहीत उतरवायची आणि विसरायची. तू वर्गात शिरून टेबल भिंतीला लावायचीस आणि म्हणायचीस, "उत्तरं मला माहीत आहेत. मला तुमचे प्रश्न हवेत. ज्यानं वर्षभरात एकही प्रश्न विचारला नाही, तो माझ्या वर्गात बसला नाही असं मी धरणार."

ग्रामसभेचा तास आठवतो? मला तो काल झाल्यासारखा आठवतो, कारण माझा तास मोकळा होता आणि मी व्हरांड्यात उभी राहून सगळं बघत होते. तू वर्गाची ग्रामसभा केलीस. स्वरूपला सरपंच केलंस, दोघांना सदस्य केलंस आणि बाकीच्यांना सांगितलंस, तुम्ही गाव, विचारा काय विचारायचं ते. सगळे हसत होते. खिडकीपाशी पासलीची सोनिया बसली होती. वर्षभर कुणी तिचा आवाज ऐकला नव्हता. हजेरीलासुद्धा ती नुसता हात वर करायची. तू तिच्याजवळ गेलीस, काही बोलली नाहीस, नुसती तिच्या बाकावर टेकलीस. आणि ती उठली. "सरपंच," ती म्हणाली, "टाकी बांधली, नळ बशिवलं, मंग पानी कुठंय? आमच्या आया अजून झऱ्यावर का जात्यात?" स्वरूप तिच्याच गावचा, त्याला हे नाटक आहे हेच सुचेना. तो खऱ्या सरपंचासारखा तत पप करायला लागला. वर्ग टाळ्या वाजवत होता आणि तू वाजवत नव्हतीस. तू सोनियाकडे बघत होतीस. तुझे डोळे भरले होते, शेफाली. त्या दिवशी मला वाटलं, शिकवणं म्हणजे हे. मला हेवा वाटला आणि आनंदही झाला.

त्यानंतर ती पोरगी थांबलीच नाही. लायब्ररीत, कॅन्टीनमध्ये, एसटीच्या थांब्यावर तिचे प्रश्न चालू. माझ्या तासालाही विचारायला लागली. "मॅडम, आपल्याकडं एवढा पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात आपलीच पोरं टँकरची वाट का बगतात?" मला पुस्तक मिटून बोलावं लागलं. म्हणजे तू तिला शिकवलंस आणि तिच्यामुळे मीही थोडी शिकवायला शिकले.

मग प्राचार्य निवृत्त झाले आणि संस्थेनं तुला प्रभारी केलं. आपण पेढे वाटले. तुझी जागा मात्र कुणी भरली नाही. सोनियाचा वर्ग तिसऱ्या वर्षाला आला. टाइमटेबलावर राज्यशास्त्रापुढे तुझंच नाव राहिलं आणि जूनपासून तू एकदाही वर्गावर गेली नाहीस. मी तुला दोष देत नाही. तुझ्यामागे मीटिंगा होत्या, संस्थेचे फोन होते, समिती यायची होती म्हणून भिंती रंगवायच्या होत्या. मुलं रोज वर्ग उघडून बसायची, अर्ध्या तासानं उठायची.

गणपती झाल्यावर मूल्यांकनाची समिती आली. मुलींना सारख्या रंगाच्या साड्या नेसवल्या होत्या, कुणी काय बोलायचं ते पाठ करून घेतलं होतं. सोनियाचं नाव बोलणाऱ्यांत नव्हतं. समितीतल्या म्हाताऱ्या सरांनी शेवटी सहज विचारलं, कुणाला आणखी काही सांगायचंय का? ती उठली. तिचं बोलणं मला शब्द न् शब्द पाठ आहे. "सर, टाइमटेबलावर आमच्या मॅडमचं नाव हाय, पन मॅडम वर्गावर येत न्हाईत. जूनपासनं एक तास झाला न्हाई. त्या लई चांगलं शिकवतात सर, त्यांच्यासारखं कुनीच शिकवत न्हाई. म्हनून इचारते, त्यांना परत वर्गावर पाठवता येईल का?"

सगळा हॉल गार पडला. तू हसत हसत म्हणालीस, "सोनिया, बस बाळ." पण तिला ते कळलंच नाही. तिला वाटलं, आपण मॅडमचं कौतुक केलं. बाहेर आल्यावर माझ्याकडे धावत आली आणि म्हणाली, "मॅडम, आता येतील ना त्या वर्गावर?"

श्रेणी खाली आली. संस्थेच्या सचिवांनी तुला भोरला बोलावून सगळ्यांसमोर सुनावलं, तेही मला कळलं. तुझा अपमान झाला, शेफाली, आणि तो व्हायला नको होता. जागा संस्थेनं भरली नव्हती. पण तू त्यांच्यावर चिडू शकली नाहीस. मग चिडायला उरलं कोण?

दिवाळीआधी परीक्षा. हजेरी कमी म्हणून यादी लागली. त्या पावसाळ्यात दरड पडून एसटी कितीतरी दिवस वेल्ह्याच्या वर गेलीच नव्हती, पुन्हा लावणीचे दिवस. वरच्या गावांतलं एकही मूल हजेरीत बसत नव्हतं. दरवर्षीसारखं सगळ्यांच्या पालकांकडून लिहून घेतलं आणि सगळ्यांना परीक्षेला बसवलं. एक सोडून. मी तुझ्या केबिनमध्ये आले. तू फाईलमधून मान वर केली नाहीस. "नियम म्हणजे नियम, अंजू," म्हणालीस. मी म्हणाले, स्वरूप त्याच गावचा, त्याच एसटीनं येतो, त्याची हजेरी तिच्यापेक्षा कमी आहे. तू म्हणालीस, "त्याच्या वडिलांनी वेळेत लिहून दिलं." मी म्हणाले, तिची आई, रतनबाई, सकाळपासून बाहेर बसलीय, आत्ता लिहून देईल. तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "तुझा भूगोल बघ तू."

रतनबाई पासलीहून पहाटे चालत निघाली होती, मधे कुणाच्या तरी टेम्पोत बसून आली होती. दिवसभर ती केबिनच्या दारात बसून राहिली. चहा दिला तर घेतला नाही. संध्याकाळी शिपायानं कुलूप लावलं तेव्हा कळलं की तू मागच्या दारानं कधीच गेली होतीस. रतनबाई मला म्हणाली, "बाई, माज्या पोरीनं काय चोरी केली व्हय? आसंल तर सांगा, मी तिला तुमच्यासमूर बडवते." मी म्हटलं, नाही हो, चोरी नाही केली. "मंग?" ती म्हणाली. थांब्यापर्यंत मी तिच्याबरोबर गेले आणि तिला एसटीत बसवून दिलं.

मी संस्थेकडे लेखी तक्रार केली. उत्तर आलं नाही, पुढच्या वर्षी माझे तास मात्र कमी झाले. तुळशीचं लग्न झाल्याबरोबर सोनियाच्या वडिलांनी तिचंही उरकून टाकलं. शिकून पोरगी परीक्षेलाच बसत नसेल तर घरात ठेवायची कशाला, असं त्यांचं म्हणणं. सासर नेमकं आमच्या किकवीतलं निघालं. नवरा कुंडलिक चांगला आहे, पिकअप चालवतो. ती हायवेवरच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. कंपनीच्या बसमधून उतरताना दिसते, कधी घरी येते, दादांशी गप्पा मारते. कॉलेजचा विषय ती काढत नाही, मीही काढत नाही.

तुला अजून एक सांगते, तुझ्या पुस्तकासाठी नाही, तुझ्यासाठी. तेव्हापासून आपल्या कॉलेजात कुणी प्रश्न विचारत नाही. मी वर्गात विचारते, काही शंका? सगळे माना खाली घालतात. नव्या आलेल्या पोरांनी सोनियाला कधी बघितलेलं नाही, पण पुढच्यांनी मागच्यांना सांगितलेलं आहे: बोलायचं नाही, पासलीच्या त्या पोरीचं काय झालं ते ठाऊक आहे ना? आपण दोघींनी इतकी वर्षं घसा कोरडा केला, त्यातलं पोरांच्या किती लक्षात राहिलं कोण जाणे. हे मात्र पक्कं राहिलंय. ते तू शिकवलंस, आणि एकदाच शिकवलंस.

आणि मग परवाचं ते प्रशिक्षण. आम्हाला सक्तीनं पाठवलं होतं. तू व्यासपीठावर आलीस, सुरेख दिसत होतीस. विषय होता "शिकवता शिकवता शिकणं". तू पासलीच्या सोनियाची गोष्ट सांगायला लागलीस. खिडकीजवळचं बाक, ग्रामसभा, पाण्याची टाकी, सगळं खरं. मला वाटलं, आता ही पुढचंही सांगणार. म्हणून आली आहे इथवर. मी अक्षरशः खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते. तू सांगितलंस की समितीसमोर ती उठली आणि म्हणाली, आमच्या मॅडमसारखं कुणीच शिकवत नाही. तिथं तू थांबलीस. हॉलनं टाळ्या वाजवल्या. मग म्हणालीस, "आज ती पदवीधर आहे. आपल्या गावातल्या मुलांना शिकवते आहे." पुन्हा टाळ्या. तेव्हाच तुझी नजर माझ्यावर पडली. तू ग्लास उचलून पाणी प्यायलीस आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलीस.

एवढंच झालं असतं तर मी गिळून टाकलं असतं. बरंच गिळलंय, हेही गेलं असतं. पण तुझ्या त्या व्याख्यानाचा व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. कंपनीत कुणीतरी सोनियाला दाखवला. मग तिच्या सासूनं, बनाबाईनं, तो ऐकला आणि घरात रणकंदन. "तू बीए पास हायस आन् आमाला बोलली न्हाईस? गावात पोरांना शिकवत हुतीस म्हनं! आजून काय काय लपवलंस?" सोनिया रविवारी माझ्याकडे आली. रडली नाही. ओट्यावर बसली, मोबाईल माझ्यापुढे धरला, व्हिडिओ शेवटपर्यंत लावला आणि विचारलं, "मॅडम, त्या म्हनतात मी पास झाले. मंग माजी मार्कशीट कुठंय?"

येत्या शनिवारी तुझ्या त्या पुस्तकाची घोषणा करायचा कार्यक्रम भोरला आहे. आपल्या कॉलेजातून मुलं आणायचं काम माझ्याकडे आहे, पत्रिकेत तुझ्या त्याच व्याख्यानाचं नाव छापलंय आणि शेवटी प्रश्नोत्तरं. सोनियानं कंपनीत सुट्टी टाकली आहे. बनाबाईला, कुंडलिकला आणि पासलीहून रतनबाईला घेऊन ती येणार आहे. तिला तुझी फजिती करायची नाही, खरंच नाही. तिला वाटतं, मॅडमना कुणीतरी चुकीचं सांगितलं असेल, आपण समोर जाऊन विचारलं की त्या दुरुस्त करतील. ती अजून तुला आपली मॅडम समजते, मी तिला वेगळं काही सांगितलेलं नाही. म्हणून हे पत्र घाईनं लिहितेय आणि उद्या मुद्दाम माणसाबरोबर पाठवतेय. तिनं उठायच्या आत तू स्वतः खरं सांग, तिच्या सासूच्या देखत, तिच्या आईच्या देखत. मैत्रीण म्हणून तुझ्याकडे एवढंच शेवटचं मागते. तू नाही सांगितलंस तर ती उठेल, आणि या वेळी मी तिच्याबरोबर उभी असेन.

निदान शनिवारपर्यंत तुझीच,
अंजना