पट्टीच्या बाहेरून गेलेली चेन

प्रिय प्रीतमदादा,

सप्रेम जयभीम.

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू "काय म्हणते गं बाई" असं लाडानं म्हणतोस, मी विरघळते आणि बोलायचं ते राहूनच जातं. बाबा बरे आहेत. डाव्या हातात अजून जोर नाही, पण पेला धरतात, आणि मी ऑफिसला निघाले की गॅलरीत येऊन उभे राहतात. माझं म्हणशील तर नाशिकच्या बढतीच्या ट्रेनिंगला मी नाही म्हणून कळवलं, ते तुला ठाऊकच आहे. दिवाळीपर्यंत पुण्याहून हलता येत नाही, सुट्टीच नाही, असं तू म्हणालास. मग बाबांना कोणाच्या भरवशावर सोडणार? तुझा शब्द म्हटल्यावर मी पुढे काही विचारलंही नाही.

आता माझ्या सायकलचं ऐक. गेल्या शनिवारी मी ती घरीच साफ केली. अंगणात उलटी केली, चेन न काढताच जुन्या ब्रशनं घासली, तेल सोडलं. रविवारी बसनं मौद्याला गेले, मामेबहिणीच्या बाळाच्या नामकरणाला. सोमवारी ऑफिसला निघाले तर पहिल्या पायडलपासून खर्र खर्र. चौकातला पोलीससुद्धा वळून बघायला लागला. म्हटलं, घ्या, करायला गेलो काय आणि झालं काय. चेन तेवढी लखलखत होती, आणि मी बावळट माझ्याच हाताचं कौतुक करत होते.

संध्याकाळी तपासायला बसले. पायडल न मारता सायकल नुसती ढकलली की आवाज बंद, म्हणजे चाकाचा आणि ब्रेकचा दोष नाही. गिअर बदलून पाहिले, तर सगळ्यांवर तीच खरखर. पुन्हा तेल दिलं, तरी जैसे थे. मग खाली बसून पायडल हातानं उलटं फिरवलं आणि चेन जाते तिकडे तिकडे बघत गेले. मागच्या चाकाखाली गिअरचा दांडा लोंबतो ना, त्यात दोन छोटी चाकं असतात, आणि त्यांच्या मधे पत्र्याची एक बारीक पट्टी. चेन तिच्या आतून जायला हवी. ती बाहेरून गेली होती आणि पट्टीवर घासत होती.

मी तिथेच फतकल मारून बसले. चेन तर मी उघडलीच नव्हती. नीट पाहिलं तर ती माझी चेनच नव्हती, कोरी करकरीत नवी होती. आणि ही चूक आपल्या घरात एकाच माणसाची. कॉलेजात आपल्या दोघांत एकच सायकल होती, तीही अशीच गिअरवाली. चेन घालायची पाळी तुझ्यावर आली की ती हमखास बाहेरून जायची, आणि बाबा ओरडायचे, "आतून घाल गा, आतून. किती डाव सांगू तुले?"

बाबांना विचारलं. आधी टीव्हीकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "अवं, आला होता तो रविवारी. तुले सांगू नको म्हणे. काहून म्हणून इचारलं, तर तुही सायकल उलटी करून बसला." मेहुणीच्या साक्षगंधासाठी, साखरपुड्यासाठी, आठवडाभर इथेच, आपल्याच शहरात, नंदनवनात सासरी होतास म्हणे. मी मौद्याला जाणार हे मीच तुला फोनवर सांगितलं होतं. तेव्हा तू नंदनवनात बसून मला पुण्याचा पाऊस सांगत होतास.

साक्षगंधाला जावं माणसानं, त्याचा राग नाही. पण सुट्टी नाही म्हणून मला घरात बसवलंस, माझी पाठ फिरायची वाट बघितलीस आणि वर बापालाही खोट्यात ओढलंस. सोमवारी सकाळी बाबा गॅलरीत उभे होते. ती खरखर कोणाच्या हातची, हे त्यांनी ऐकताक्षणी ओळखलं असणार. तरी ते गप्प राहिले, मला टाटा केला. ते मला तुझ्याहून जास्त लागलं. आणि नवी चेन कशाला रे? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. तू मला फसवलंस, दादा. दुसरा सौम्य शब्द मी शोधला, सापडला नाही.

पत्र लिहायचं कारण असं की ऑफिसनं मला पुढच्या तुकडीत घेतलं आहे. पुढच्या महिन्यात नाशिकला हजर व्हायचं, तीन महिन्यांसाठी. या वेळी मी तुला विचारत नाही, कळवते आहे. बाबांजवळ तू राहायचं. चेन मी उघडून आतून घातली, आता आवाज नाही. चांगली आहे, ठेवून घेते. मी निघायच्या आदल्या दिवशी ये, मी घरात असताना. भाकरी-झुणका करीन. माझ्यासमोर बसून, माझ्याकडे बघून जेव. तेवढं जमत नसेल तर बाबांना मी सोबत नेईन. मग तू कधीही ये. मी नसतानाच यायची सवय आहे तुला. दाराला कुलूप असेल.

अजून तरी तुझीच,
दीक्षा