ग्रॅहमच्या बंदुका

३ नोव्हें., डार्विन, ऑस्ट्रेलिया
ड्युटीवरून आले तर कुंपणापाशी माझा नवरा ॲल्विन आणि शेजारचा ग्रॅहम वाद घालत होते. विषय टीव्हीवरचाच, बंदूकबंदी. सैन्यासारख्या बंदुका साध्या माणसाकडे नकोतच, उरल्यासुरल्याही काढून घ्या, असं ॲल्विनचं म्हणणं. ग्रॅहमकडे तसल्या दोन आहेत, लायसन्सच्या. रानडुकरं मारायची कंत्राटं घेतो. म्हणाला, कळप अंगावर आला की एकेक गोळी भरत बसू का? मला दोघांचंही पटलं. उकाडा भयंकर.

६ नोव्हें.
सुट्टी. ग्रॅहमला माशाचं कालवण नेऊन दिलं. मे महिन्यात बायको, लिन, वारल्यापासून धड जेवत नाही. डबा घेतला आणि म्हणाला, "नेऊ देत त्यांना बंदुका. माझं एक काम उरकलं की नेऊ देत." कसलं काम, विचारलं. लिनच्या खुर्चीकडे बघत राहिला.
नर्स आहे मी. हे बोलणं ओळखते.

७ नोव्हें.
ॲल्विन म्हणतो, पोलिसांना कळवलंस तर त्याचं काम जाईल. आपण नवीन आलो तेव्हा न मागता गाडीची किल्ली दिली त्याने. खरंय. रिया मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "मम्मा, जस्ट कॉल."
ब्रेकमध्ये कार पार्कमधून पोलिसांना फोन केला. माझं नाव सांगणार नाहीत म्हणे.

८ नोव्हें.
दुपारी पोलीस आले. ग्रॅहमनेच दार धरून ठेवलं. दोन्ही बंदुका गेल्या. मी पडद्याआड उभी. सुटल्यासारखं वाटलं, आणि लाजही. टीव्हीसमोर बंदी हवी म्हणणं किती सोपं होतं...

१२ नोव्हें.
चर्चमध्ये मिसाला गेले. त्याच्यासाठी प्रार्थना केली. माझ्यासाठी काय मागायचं ते सुचेना.

२९ नोव्हें.
ग्रॅहम स्वतः आला. दाढी केलेली. दर मंगळवारी काउन्सेलरकडे जातो. बरा दिसतोय, खरंच. बंदुका परत मागायच्यात, कंत्राट अडलंय. ओळखीच्या माणसाने फॉर्म भरून द्यायचा असतो. म्हणाला, "तुझ्याइतकं कोण ओळखतं मला?"
माहीत असून म्हणाला का? चेहऱ्यावरून कळेना. ॲल्विन म्हणतो, आता तेवढं तरी कर.
नाव लिहिलं, पत्ता लिहिला. नऊ वर्षं ओळखते, तेही लिहिलं. पुढचा प्रश्न: या व्यक्तीच्या हाती शस्त्र देणं तुम्हाला सुरक्षित वाटतं का? दोन चौकोन, हो आणि नाही.
सकाळी फॉर्म न्यायला येणार आहे.