पाण्याची पातळी

३ मे, न्हावरे
दौंडहून सकाळच्या एसटीनं आले. सोपानरावांच्या मळ्यात विहिरीजवळची खोली मिळाली. पत्रा तापतो, पण दारात शेवगा आहे आणि सोपानरावांच्या पत्नी धुरपदाकाकूंनी आल्या आल्या ताक पुढं केलं. काम आवडीचं आहे. विहिरीच्या तोंडावर सेन्सर टांगायचा. तो खाली आवाजाची लहर सोडून पाणी किती फुटांवर आहे ते मोजतो आणि डबीतला बोर्ड तो आकडा मेमरी कार्डावर लिहितो. बारा तारखेला गाळ काढायला यारीवाला गोकुळ खाली उतरणार, यारीच्या म्हणजे दोर ओढणाऱ्या यंत्राच्या बादलीतून. एकदम पाणी चढून माणूस अडकू नये, म्हणून आधीची नोंद हवी. काकूंना सगळं समजावलं, पातळी वर आली की मशीन सांगेल. त्यांनी फार लक्ष देऊन ऐकलं. आज पाणी तीस फुटांवर.

४ मे
दुपारी बोर्ड म्हणाला, कार्ड सापडत नाही. शेतीची लाइट त्याच सुमारास येते. मोटर सुरू होताना व्होल्टेज पडतं, आणि तेव्हाच कार्डावर लिहिणं चालू असलं तर फाइल बिघडते. नेहमीचं दुखणं. बोर्डाला वेगळी बॅटरी दिली, कार्ड फॉरमॅट केलं. यारीची जागा बघायला आलेला गोकुळ म्हणाला, "म्याडम, तुमचं कार्ड आमच्या रेशनकार्डावानी. हाय, पण चालत न्हाई." संध्याकाळी काकूंनी विचारलं, "आली का वर?" पातळी हा शब्द त्यांनी बरा उचललाय. नाही म्हटलं.

६ मे
शिरूरहून चांगली कार्डं आणली. वायरी आखूड केल्या, सॉकेट नव्यानं सोल्डर केलं, प्रत्येक आकड्यानंतर फाइल बंद करायला लावली. दुपारी पुन्हा तेच, आणि आज मोटर सुरूच नव्हती. डबी उघडली. आतून कोरडी ठाक. कार्ड मात्र सॉकेटमधून निघालेलं आणि ओलं. पुसलं तर बोटाला गाळ लागला.

८ मे
लॅपटॉप जोडून काठावरच बसले. आकडा तीसवर स्थिर होता. मग सव्वीस झाला, बावीस झाला. वाकून पाहिलं तर पाणी जागच्या जागी, मध्ये नुसती हवा. आकडा सतरावर आला आणि कार्ड गेलं. सेन्सर चुकतोय म्हणून बादली सोडून पाहिली, दोराशी आकडा तंतोतंत जुळला. सोपानरावांना गाळ काढणं थांबवा म्हटलं. ते चिडले नाहीत. जनावरांना पाणी कुठनं आणू, म्हणाले. कार्डावर दाखवा, थांबवतो. एकाही कार्डावर काही नाही.

१० मे
काकूंनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, पाणी तिथंच आहे, पातळी वर येत नाही. त्या म्हणाल्या, "पाण्याचं कोण इचारतंय? पाणी आलं म्हंत्यात, बाई. म्या नकुशीचं इचारती."
तिसरी मुलगी. पुढं मुलगा व्हावा म्हणून नाव नकुशी ठेवलेलं. या विहिरीत पडली, गाळात गेली, सापडली नाही. तेव्हापासून गाळ कुणी काढला नाही. "नको नको म्हणूनच हाका मारल्या तिला. आता कुणी उतरला, तर ती त्याला सोडंल व्हय?" मालकांना सांगून झालंय. ते जेवत्या ताटावरून उठून जातात.

११ मे
एकच कार्ड नीट भरलं तरी पुरे. बोर्ड खोलीत टेबलावर ठेवला, खिडकीतून वायर ओढली, दाराला कुलूप लावून बाहेर बसले. दुपारी कार्ड गेलं. कुलूप काढलं. उंबऱ्यापासून टेबलापर्यंत ओल. लहान टाचा.
गोकुळला गाठून सगळं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, म्या न्हाई उतरलो, तर माझा धाकटा भाऊ उतरंल.
रात्रभर दिवा लावून बसले.

१२ मे
कार्डावर भरवसा नाही, म्हणून काठावर बसून आकडे हातानं लिहिते. पाणी उपसून झालं. गोकुळ यारीच्या बादलीत उभा आहे, सेन्सर वरून त्याच्या डोक्यावर रोखलेला. तो खाली जाईल तसा आकडा वाढायला हवा. घटला तर यारी लगेच उचलायची. सोपानराव कबूल.

८. १५. बरोबर चाललंय.

२२.

३०. पोचला, डोकं तिथं, पाय खाली गाळात. खालून म्हणतोय, गार हाय बगा हितं.

३०.

२६ —

उचला म्हटलं. यारी ओढतेय. दोर ताठ, बादली हलत नाही. गोकुळ खालून ओरडतोय — आवाज अगदी तळातून —

२१. गोकुळ तळाशी. मग एकविसावर —

१५. सगळे वाकून बघतायत. कुणाला काही दिसत नाही.

९

दोर सैल झाला. गोकुळचा आवाज नाही

काकू आल्या. कठड्यावर पालथ्या पडून दोन्ही हात खाली — ये बाई, म्हणतायत, ये, हवी हायस तू —

५

सोपानराव त्यांचे पाय धरून

२

कठड्याचा दगड ओला. काकूंच्या हातात काही नाही, तरी हात कुणीतरी धरल्यासारखे — ती त्यांच्याकडं नाही — माझ्या वहीवर गाळाचं बो