भट्टी, माठ आणि चार इंचांची भिंत

सेक्टर २, भिलाई
रविवार, मार्च १९६२

आदरणीय साळेबुवा आनंदराव यांस देवाजीचा सप्रेम जय भीम.

(सप्रेम लिहिले ते तुमच्यापुरते. बाकीचे पत्र रागात आहे. राग कोणावर ते खाली येईल. त्यात तुमचेही नाव येईल, पण दम धरा.) तुमचा गुडघा कसा आहे? रेल्वेच्या दवाखान्यातल्या औषधाने उतार पडला, की अजून भीमाबाई वहिनी तेलच चोळून राहिल्या? आमची दोघांचीही तब्येत ठणठणीत आहे आणि तिथेच घात झाला, कारण आजारी असतो तर त्या नाटकाला गेलोच नसतो. पत्र शुद्ध लिहायचे ठरवले आहे. तरी संताप झाला की माझ्या लेखणीतून 'मले' आणि 'तुले' निघते, ते सांभाळून घ्यावे.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. तुमच्या बहिणीला, गिरजाबाईला, महिनाभर नागपूरला घेऊन जा. ती माझ्याशी बोलत नाही. तुम्ही म्हणाल, देवाजी, लग्न झाल्यापासून तू दुसरे मागत तरी काय होतास? मागत होतो, कबूल. पण मागितलेली वस्तू अशी साऱ्या गावासमोर पदरात पडावी, असे मागितले नव्हते.

आमच्या बाजूच्या क्वार्टरात शामसुंदर नावाचा एक पोरगा राहतो. टाइम ऑफिसात क्लार्क, तोंडाने गोड, अंगाने कंदिलाच्या वातीएवढा. त्याची बहुतेक रात्रपाळी, म्हणून दिवसभर घरी. मला वाटे, झोपतो. त्याच्या आजाच्या विहिरीवर माझ्या आजाला घागर बुडवायची सोय नव्हती (एकाच तालुक्यातले आहोत, म्हणून माहीत), आणि इथे नंबरवारीने क्वार्टर वाटले गेले, तर दोघांच्या मधात उरली चार इंचांची भिंत. मला त्याचा आनंदच होता. तो आमच्याकडे भाकर खाऊन जायचा, गिरजाबाईला वहिनी म्हणायचा. मी लोकांना सांगायचो, पाहा बाप्पा, जमाना बदलून राहिला. बदललाच होता. पूर्वी ते लोक आमच्यापासून दूर पळत. हा भिंतीला कान लावून बसला होता.

माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. पोलाद कारखान्यात क्रेनखालचा खलाशी म्हणून दोर ओढता ओढता फोरमन झालो, तो शाळेच्या जोरावर नाही, कानाच्या. तारेचा दोर तुटायच्या आधी कुरकुरतो, ते मला क्रेनच्या गोंगाटात खालून ऐकू येते. कोणत्या क्वार्टरात कोण कोणाला काय म्हणाले, ते मला नळावर उभ्या उभ्या कळते, आणि मी ते चार लोकांत (गोडीगुलाबीने) सांगतोही. अशा माणसाला आपल्याच भिंतीपलीकडे लेखणी चालल्याचा आवाज येऊ नये? माझा अर्धा राग तर याचाच आहे.

तर मराठी मंडळात दिवाळीपासून बोंब होती की यंदा नवे नाटक पाहिजे, आणि तेही इथल्याच कोणी लिहिलेले. शामसुंदर पुढे झाला. नाटकाचे नाव 'भट्टी आणि माठ'. प्रेमाचे, विनोदी, दोन उलट्या स्वभावांच्या नवराबायकोचे. स्टेज कोण बांधेल? देवाजीराव! मी माझी सगळी टोळी लावली. पाइप उभे केले, फळ्या ठोकल्या, पडद्याला पुली बसवली. असा पक्का स्टेज की त्यावर रोड रोलर नाचवावा. माझ्या फाशीचा खांब मीच रोवला, आणि वर हलवून पाहिले की मजबूत आहे ना.

प्रयोगाला सेक्टर २ चे मैदान भरले. पार उतई गावाहून लोक सायकली मारत आले. बाया एकीकडे, माणसे एकीकडे, मधात दोरी (तीही माझी). पहिल्या रांगेत साहेब लोक, त्यात एक रशियन साहेब. पडदा उघडला तर कोणी दीक्षित नावाचा इंजिनियर आणि त्याची बायको, दोघेही आत्ताच पुस्तकातून उतरल्यासारखे. बायको भट्टी, नवरा माठ. शेजारी नरहरी बसला होता, आमच्याच रांगेत तिसऱ्या क्वार्टरात राहतो. मी त्याला म्हटले, "खरंच माठ हाय बेटा!" पोटभर हसलो. एवढ्यात दीक्षितीण म्हणाली, "चपला असू द्या, आधी डोक्यातला कारखाना बाहेर काढून ठेवा." माझे हसणे अर्ध्यावर राहिले. हे मी कुठेतरी ऐकले होते. मग दीक्षित म्हणाला, "तुझा आवाज बंद करण्याचा स्विच कोठे आहे?" आणि हे तर मी बोललो होतो! "तुह्या आवाजाचा स्विच कोठी हाय वं?" असे बोललो होतो, आणि तुमची बहीण पीठ मळता मळता म्हणाली होती, "मेन स्विच तुमच्या हाती असता तं घरात अंधारच राह्यला असता." दीक्षितीणही तेच म्हणाली, फक्त 'अंधार'चा 'अंधकार' करून. मैदान हसून आडवे झाले. रशियन साहेब तर भाषा न समजता सगळ्यांच्या आधी हसे. त्यांच्याही मुलखात भिंती पातळ असाव्यात.

पुढे काय सांगू? तिला खिडकी उघडी पाहिजे, मला लाल धूळ येते म्हणून बंद. तिला डाळीत मिरची, मला गूळ. ती कोंबड्याच्या आधी उठणार, मी भोंग्यानंतर. सगळे स्टेजवर, माझ्याच फळ्यांवर! दुसऱ्या अंकात दीक्षितिणीचा भाऊ, नागपूरचा मामा, येतो. दोन दिवसांसाठी येऊन पेन्शनीपर्यंत राहणारा, पाणी भरताना ज्याचा गुडघा दुखतो आणि जेवायला बसताना दुखत नाही असा. (हे शब्द माझे नाहीत असे मी लिहून दिले असते, पण गिरजाबाई सांगून देईल. खाजगीत बोललो होतो, प्रेमाने बोललो होतो. तुम्ही त्याचा राग शामसुंदरवर काढावा.)

पहिल्या अंकात मला राग होता, की आता लोकांना कळेल. दुसऱ्या अंकात पाहिले तर लोक पोट धरून हसत होते आणि एकाही माणसाला कळत नव्हते. तेव्हा मले खरा राग आला. शब्द आमचे, भांडण आमचे, आणि टाळ्या दीक्षितांना! कान लावाले विटाळ नाही, शब्द उचलाले विटाळ नाही, अन् नाटकाच्या पाटीवर देवाजी-गिरजाबाई लिहायची वेळ आली तं दौतीतली शाई वाळली?

तिसऱ्या अंकात दीक्षितीण रुसून घर सोडून जाते. (हे आमच्याकडचे नाही. तुमची बहीण रुसली तर घरातच रुसते आणि नेहमीपेक्षा जास्त जागा घेते.) दीक्षित तिच्या वाटेत उभा राहतो, छातीवर हात ठेवतो आणि म्हणतो, "प्रिये, तुझ्यावाचून माझ्या जीवनातील पौर्णिमेची अमावास्या झाली." बायांच्या बाजूने नाके ओढल्याचा आवाज आला. त्यातले एक नाक मी ओळखले. गिरजाबाईचे नाक मी जत्रेतही ओळखीन.

मला कोणी उठवले ते ठाऊक नाही, पण मी उभा होतो आणि ओरडून राहिलो होतो: "अबे, असं कोणी बायकोले म्हणते का बे? हे आमचं नोहे!"

झाले. ज्यांना कळले नव्हते त्यांनाही कळले. आणि दोरीपलीकडून, निव्वळ सवयीने, तुमच्या बहिणीचा आवाज आला: "मंग कसं म्हणते? तुमी म्हणून दाखवा नं!"

लोकांना वाटले, हाही नाटकाचाच भाग. सगळे मैदान मागे वळले. दीक्षित तोंड उघडे टाकून आमच्याकडे पाहत राहिला. पोट्टे ओरडू लागले, "म्हना! म्हना!" रशियन साहेबही उभा राहून "मना, मना" करू लागला. आनंदराव, देवाजी बोलण्यात हरला असे तुम्ही कधी पाहिले? ठेकेदाराला, साहेबाला, तुम्हाला, कोणाला मी उत्तराविना सोडले नाही. त्या दिवशी मात्र मी खाली बसलो आणि पडदा पाडा म्हणून हात केला. टोळी माझीच, लगेच पाडला.

मग मी स्टेजमागे जाऊन शामसुंदरची कॉलर धरली. म्हटले, "कावून बे, सगळं नाटक आमच्या घरून उचललं, तं तेवढी पौर्णिमा कोणाच्या घरून आणली?"

त्याने कॉलर सोडवायचाही प्रयत्न केला नाही. म्हणाला, "देवाजीराव, दिवाळीपासून ऐकलं. शेवटच्या प्रवेशासाठी काहीतरी मिळेल म्हणून झोप मोडून थांबलो. तुमच्याकडून तसं काही आलंच नाही. मग मला मनानं घालावं लागलं."

त्याला मी हाणणारच होतो, पण कॉलर सोडली. मागे वळलो तर गिरजाबाई उभी. तिने सारे ऐकले होते. (ह्या वसाहतीत कान फक्त मलाच आहेत, असा माझा इतके दिवस समज होता.) ती घराकडे चालू लागली, आणि तेव्हापासून बोललेली नाही.

आता घरात काय चालले आहे ते ऐका. डाळीत गूळ पडतो. खिडकी बंद असते. सकाळी मला कोणी उठवत नाही. बूट घालून चुलीपर्यंत गेलो तरी कोणी हटकत नाही. जे जे म्हणून मी आजवर मागितले, ते ते सगळे न मागता मिळून राहिले. मुद्दाम शिक्षा द्यायची तर माणूस याहून वेगळे काय करेल? शामसुंदरही कासावीस झाला आहे. दोनदा भिंत ठोकून विचारले, "वहिनी, बरं आहे ना?" त्याचा माल बंद पडला आहे.

त्यात परवाची गोष्ट. ज्याने ह्या क्वार्टरांचा नकाशा काढला त्याला एकदा माझ्यासमोर आणा. ड्यूटीवरून संध्याकाळी आलो, दार लोटले, बूट काढले, खाटेवर पाय ताणले आणि म्हटले, "चाय ठेवता का?" चहा आला. बशीत बिस्किटेही आली. तेव्हा मला संशय आला. वर पाहतो तर नरहरीची बायको शीला, पदर तोंडात कोंबून हसून राहिली. "भाऊजी, साखर घालू का गूळ?" म्हणाली. म्हणजे तिनेही नाटक पाहिले होते. बूट हातात घेऊन निघालो.

आजवर मी कधी घर चुकलो नव्हतो, आणि त्याचे कारण नंबर नाही. रांगेच्या टोकाला आलो की तुमच्या बहिणीचा आवाज यायचा, कधी दूधवाल्यावर, कधी नळावर, बहुधा माझ्यावर, आणि त्या आवाजाच्या मागे मागे मी डोळे मिटून दारापर्यंत पोचायचो. सारे क्वार्टर एका साच्यातले आहेत, आनंदराव. तिचा आवाज येतो तेच आपले घर, बाकीच्या नुसत्या विटा. याची तक्रार टाउनशिपच्या ऑफिसात करणार होतो, पण तिथला बाबू म्हणेल, दारावर नंबर आहे, वाचत जा.

तेव्हा पत्र मिळताच निघा आणि तिला घेऊन जा. अशा घरात मी राहू शकत नाही.

तुमच्या घरचा रागावलेला जावई,
देवाजी

ता. क.: निघायच्या आधी एवढे करा. गिरजाबाईला एक कार्ड टाका आणि सहज विचारल्यासारखे विचारा की बाई, नवऱ्याने काय म्हटले म्हणजे तुझा राग जाईल? ती जे लिहील ते मला गुपचूप कळवा. मी पुसले असे सांगू नका. खरे काम एवढेच होते; वरची पाने वाचली नसती तरी चालले असते.

दुसरा ता. क.: पाकीट चिकटवायच्या आधी पत्र मोठ्याने वाचायची माझी जुनी सवय. वाचत वाचत त्या विटांपर्यंत आलो तर आतला लाटण्याचा आवाज थांबला. गिरजाबाई लाटणे घेऊन दारात उभी. म्हणाली, "हेच त्या दिवशी म्हटलं असतं तं तोंड झिजलं असतं का तुमचं? त्या मेल्याच्या पौर्णिमेपायी मले लोकायसमोर नाक पुसाले लावलं!" आणि मग जी सुरू झाली ती अजून थांबलेली नाही. खिडकी उघडली आहे. टेबलावर लाल धूळ बसून राहिली. तेव्हा कार्ड टाकू नका आणि तिला न्यायलाही येऊ नका. नुसते या, आणि भिवापुरी मिरची आणा. ती म्हणते, इथली मिरची दिसाले लाल, पण भांडत नाही. दोन दिवसांसाठी या. (दोन म्हणजे दोन.)

तिसरा ता. क.: आत्ताच भिंतीपलीकडून आवाज आला, "वहिनी, ते विटांचं पुन्हा एकदा, सावकाश." गिरजाबाई भिंतीला म्हणाली, "लिहून घे. पण आधी पाटी बदल. शब्द आमचे तं नाव बी आमचंच." मग भिंतीवर एका हाताची थाप पडली. दुसऱ्यात लेखणी असेल. कबूल झाला. पुढच्या प्रयोगाला दीक्षितांना रजा, पाटीवर गिरजाबाई आणि देवाजी. मी खूश होणार, तोच लेकाचा म्हणतो, नाटकाचे नाव मात्र तेच राहील. म्हणजे आता माठ कोण, ते साऱ्या भिलाईला नावानिशी वाचता येईल. हा राग नवीन आहे, याचे पत्र वेगळे लिहावे लागेल, आणि ते मनातल्या मनात वाचावे लागेल.