रुखवतातला राजस्थान

तासगाव, ज्येष्ठ महिना

तीर्थस्वरूप बिरदेवआण्णा यांस,

तुमचा मामेभाऊ आकाराम याचा तासगावहून शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही सर्व खुशाल. तिकडे महाबळेश्वरात पावसानं ठाण मांडलं असेल, टॅक्सीवर ताडपत्री आणि तुमच्या गुडघ्यावर वहिनींचं निर्गुडीचं तेल चढलं असेल, असा अंदाज करतो. गुडघा कसा आहे ते कळवावं. डावा की उजवा तेही स्पष्ट लिहावं, कारण मागच्या खेपेला तुम्ही आधी डावा सांगितला आणि जाताना उजव्यावर हात ठेवून उठलात. फोन न करता पत्र का, असं वाटेल. फोनवर तुम्ही ‘हं, हं, बोल की’ म्हणत घाट उतरत असता आणि माझं निम्मं बोलणं वळणावर सांडतं. आजचा विषय सांडण्यासारखा नाही. मायाचं स्थळ तुम्ही आणलंत, आणि लग्नाला मात्र आला नाहीत. (ऐन मे महिन्यात सीझन असतो हे मान्य. पण पाहुण्यांना स्ट्रॉबेरीच्या मळ्यात सोडणं आणि पुतणीच्या डोक्यावर अक्षता टाकणं यांत काय मोठं, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी बोलणार नाही.) तेव्हा त्या दिवशी काय घडलं ते मुळापासून कळणं हा तुमचा हक्क आहे, आणि ते निस्तरणं हे मध्यस्थ म्हणून तुमचं काम आहे.

माझा नाद तुम्हाला ठाऊक आहेच. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि बेदाण्याच्या शेडचे रॅक करण्यात जन्म गेला. पत्रा कापणाऱ्याला कुठल्याही वस्तूची आधी कड दिसते, वस्तू मागाहून. माझी शाळा आठवीत सुटली, पण भूगोल सुटला नाही. सांगलीत जुन्या पुस्तकांच्या ढिगातून घेतलेला नकाशांचा ग्रंथ आजही दुकानात वेल्डिंगच्या चष्म्याशेजारी असतो. लोक नकाशात राजधान्या शोधतात, मी आकार बघतो. राजस्थान ही एका कोपऱ्यात चावा घेतलेली शंकरपाळी आहे. गुजरात म्हणजे पश्चिमेकडं तोंड करून ठेवलेला पाना, फक्त नट मिळायचा राहिलाय. केरळ ही सांडगी मिरची. मध्य प्रदेश तव्यावर घाईत थापलेलं धपाटं. पश्चिम बंगाल म्हणजे मान उंच करून शेजारच्या परसात डोकावणारी म्हातारी. श्रीलंकेला सगळे अश्रू म्हणतात. त्या लोकांनी आमचं माणिकचमन द्राक्ष पाहिलेलं नाही. छत्तीसगडला पुस्तकवाले समुद्रघोडा म्हणतात. (मी गणपतीपुळ्याचा समुद्र सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा नीट पाहिला आहे, घोडा भाड्याचा होता आणि वाळूवर होता. छत्तीसगड हा ट्रॉलीचा हूक आहे.) आणि आपला महाराष्ट्र म्हणजे पूर्वेकडं तोंड करून बसलेलं मेंढरू. विदर्भ हे डोकं, गडचिरोली पुढचा पाय, सिंधुदुर्ग शेपूट. आपल्या वाडवडिलांनी ज्यांच्यामागं माण-जत पालथं घातलं, तेच साक्षात नकाशात बसलंय, आणि हे अख्ख्या धनगरवाड्यात माझ्याशिवाय कुणाला दिसू नये याचं मला वाईट वाटतं. सांगली जिल्हा उघड उघड पळी आहे, शिराळा दांडा आणि जत वाटी. सातारा जिल्ह्याला मात्र अजून वस्तू सापडलेली नाही. पाठपुरावा चालू आहे.

तर मायाच्या रुखवताचा प्रश्न निघाला. सुलाबाईचं म्हणणं, चारचौघींसारखं करू: सुपारीची सप्तपदी, साखरेची तुळस, कापसाची बाहुली, बाजारात सगळं तयार मिळतं. मी म्हटलं, लग्न आपल्या लेकीचं आणि रुखवत बाजाराचं? ते काही नाही. भारताची अठ्ठावीसच्या अठ्ठावीस राज्यं शंकरपाळीच्या पिठाची करायची, प्लायवूडवर सीमा आखायच्या, आणि प्रत्येक राज्य आपापल्या जागी बसवायचं. शेजारधर्म म्हणून नेपाळ आणि श्रीलंका. (इटली मी मुद्दाम केली नाही. तो जगजाहीर बूट आहे, आणि विहिणीच्या ताटात पायताण ठेवायला मी खुळा नाही.) सुलाबाईनं तळणाची बाजू घेतली, लाटणं आणि कापणं माझ्याकडं. माया त्या वेळी ब्लाउजच्या मापाला सांगलीत होती, तिनं पिठाला बोटसुद्धा लावलं नाही. हे वाक्य कृपया पुन्हा एकदा वाचावं, पुढं उपयोगी पडणार आहे.

आधी पत्र्याचे फर्मे कापले. प्रमाण सोडायचं नाही हे पहिल्यापासून ठरलेलं. राजस्थान वीतभर धरला तर गोवा मोठ्या बेदाण्याएवढा येतो, तेवढाच केला. सुलाबाई म्हणाली, आवं एवढासा गोवा कोण बघतंय, जरा मोठा करा की. मी म्हटलं, गोवा मोठा करायचा अधिकार मला नाही. खरा छळ गुजरातनं केला. कच्चा असताना पाना उघडा, तेलात गेला की मिटतो. शेवटी तापलेल्या पत्र्याला सोडतो तशी आतल्या अंगानं जास्तीची जागा सोडली, पीठ घट्ट मळलं, तेव्हा कुठं कच्छचं आखात उघडं राहिलं. केरळ वाकत होतं, त्याच्यावर झाऱ्या दाबून धरला. फुगू नये म्हणून प्रत्येक राज्याला काट्यानं टोचलं. माल असा कडक निघाला की बिहार हातातून फरशीवर पडला आणि टवका फरशीचा उडाला.

आता लग्नाचा दिवस. मी मुलीचा बाप. दारात पाहुण्यांचं स्वागत, मानकऱ्यांना टॉवेल-टोपी, कोण रुसलंय त्याची समजूत, यात गुंतलो. स्वागत उरकून आल्यावर स्वतः मांडू म्हणून राज्यं पत्र्याच्या डब्यात ठेवली होती आणि आखलेलं प्लायवूड स्टेजमागं उभं केलं होतं. तेवढ्यात माझ्या धाकट्या मेहुणीनं डबा उघडला. तिला वाटलं, पुऱ्या टेम्पोत मोडल्या. बिचारीनं लाज राखावी म्हणून परातीत त्यांची उतरंड रचली. तळाला राजस्थान, त्यावर मध्य प्रदेश, वर उतरत उतरत टोकाला गोवा, आणि गोव्यावर एक चेरी. पुढं रीतीप्रमाणं पुठ्ठ्याची पाटी लावली: ‘वधू माया हिने स्वहस्ते बनविले’. ही पाटी आपल्याकडं प्रत्येक रुखवतावर असते. वधूच्या मावशीनं केलेलं असो, नाहीतर दुकानातून आणलेलं असो, पाटी वधूचीच. ती कुणी खरी मानत नाही. म्हणजे, आजवर मानत नव्हते. राज्यांची नावं मी कशावरच लिहिली नव्हती. ज्याला महाराष्ट्र ओळखता येत नाही त्याला चिठ्ठी लावून काय उपयोग, असं माझं मत होतं. (अजून आहे.)

वराकडच्या बायका रुखवत बघायला आल्या तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर सुतारासारखा उभा होतो, काखेत प्लायवूड. सगळं कानांनी ऐकलं.

“आगं बया, ह्या पुऱ्या बघ की! एकीसारखी एक न्हाई.”

“लाटणं वाकडं आसंल.”

“लाटणं कशाला वाकडं? पोरगी शिकलेली हाय न्हवं, तितंच घोटाळा.”

आणि विहीणबाई, म्हणजे राहीबाई, सगळ्यांत समजूतदार माणूस, पदर सावरून म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या गं. शिकल हळूहळू.” आण्णा, टोमणा मी सोसला असता. ही दया मला सोसवली नाही. तिथंच प्लायवूड आडवं करून सगळ्यांना जागच्या जागी दाखवणार होतो, पण गुरुजींनी कन्येच्या पित्याला पुकारा केला. अंतरपाट धरलेला, माइक गुरुजींच्या हातात, तिसरं मंगलाष्टक चाललेलं. मी ठरवलं, आत्ता नाही तर कधीच नाही, आणि दोन शब्द बोलण्याची परवानगी मागण्यासाठी हात वर केला. बापानं हात वर केला म्हणजे मुहूर्त साधला, असं मंडपाला वाटलं. अक्षतांचा पाऊस सुरू झाला, बँडवाल्यांनी उचललं, फटाक्याची माळ लागली. गुरुजी एकटेच हातवारे करत राहिले की अजून दोन अष्टकं शिल्लक आहेत. ती मागाहून, सगळे जेवायला बसल्यावर, नवरानवरीनं दोघांनीच ऐकली. गडबडीत माझं बोलणं राहून गेलं.

रुखवत मायाच्या सासरी साताऱ्याला गेलं आणि तिथल्या रीतीनं गल्लीत घरोघर वाटलं गेलं. पाचपरतवणीला मायाला आणायला मी गेलो तर अख्ख्या गल्लीत तिची कीर्ती. एका घरात ओडिशा, दुसऱ्यात कर्नाटक. समोरच्या घरी मध्य प्रदेश दाराला पाचर म्हणून लावलेला मी स्वतः पाहिला. (दार हलत नव्हतं. माल उत्तमच होता.) मी राहीबाईंकडं जेवायला बसलो तेव्हा ती बाई डोकावली आणि हसत म्हणाली, “तुमची माया पुऱ्या न्हाई, नकाशेच लाटती की वं!” आण्णा, ती चेष्टेत जे बोलली ते शब्दशः खरं होतं, हेच मला आतून कुरतडतंय. मी उत्तर देणार तोवर राहीबाईंनी माझ्या ताटात श्रीखंड वाढलं आणि नव्या विहिणीच्या घरी भरल्या तोंडानं भांडणं मला प्रशस्त वाटलं नाही. परत येताना एसटीत विचार केला. माझी माया रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. सुईच्या टोकावरचा थेंब मोजणारी पोर, आणि तिला जन्मभर ‘हिला गोल येत नाही’ म्हणून वागवणार? आणि वाकडं म्हणता कशाला? पृथ्वीच्या पाठीवर एक तरी राज्य गोल आहे का? एक दाखवा, मी गप्प बसतो.

म्हणून माझा निर्धार झालेला आहे. येत्या रविवारी मी फर्मे, पीठ, शेगडी, कढई आणि प्लायवूड घेऊन साताऱ्याला येतो. राहीबाईंच्या दारात, गल्लीसमक्ष, एकेक राज्य लाटून, तळून, जागच्या जागी बसवणार. मग माया सर्वांदेखत एक चपाती लाटेल, ती चंद्रासारखी गोल येईल (तिला येतात, मी खाल्लेल्या आहेत), आणि प्रकरण मिटेल. तुम्ही आदल्या दिवशी उतरून राहीबाईंची समजूत काढावी, गल्लीतल्या बायका जमवाव्या, आणि दाराची पाचर झालेला मध्य प्रदेश पुरावा म्हणून ताब्यात घ्यावा. ‘आकारामचा हेका’ असं तुम्ही मनात म्हणाल. म्हणा. पण या. सुलाबाई नको म्हणते आहे. तिला मी सांगितलं, हा लेकीच्या अब्रूचा प्रश्न आहे, इथं कुणाचं ऐकायचं नाही.

वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
आकाराम

ता. क. : राहीबाईंच्या शोकेसमध्ये अख्खा महाराष्ट्र अजून आहे. शेपूटसुद्धा शाबूत. त्यांना तो काय आहे ते माहीत नाही, ‘मेंढरासारखा दिसतोय म्हणून ठेवलाय’ म्हणाल्या. आण्णा, त्या बाईची नजर चांगली आहे. तो कुणी खाणार नाही एवढं बघा.

दुसरा ता. क. : पाकीट चिकटवताना मायाचा फोन आला. सुलाबाईनं तिला माझा बेत सांगितला होता. पोर आधी रागावली, मग हसली, मग रडकुंडीला आली. म्हणाली, “आप्पा, तुमच्या पाया पडते, येऊ नका. सासूबाई मला पोळपाटाला हात लावू देत नाहीत. पहाटे उठून माझा डबा त्या भरतात. घरात बारा माणसं आहेत. तुम्ही माझं नाव साफ केलंत, की उद्यापासून बारा जणांच्या चपात्या माझ्याकडं, आणि आठला लॅब. मला आहे तशी बदनाम राहू द्या.” वर म्हणाली, रात्री सासूबाई शेजारी बसून विचारतात, आज कुणाकुणाचं रक्त तपासलंस गं, आणि सगळं ऐकून घेतात.

मी ‘बरं’ म्हणालो. नंतर दुकानात जाऊन बराच वेळ नुसता ग्राइंडर चालू ठेवला.

तिसरा ता. क. : तेव्हा रविवारचं रद्द. तरी पत्र पाठवतोय, कारण गुजरात उघडा कुणी ठेवला हे जगात एका माणसाला तरी ठाऊक असावं. ते तुमच्यापाशी ठेवा. आता खरी विनंती. साताऱ्यात कुणी विचारलं तर त्या पुऱ्या मायानंच लाटल्या असं सांगायचं. छातीवर हात ठेवून सांगायचं. माझं नाव कुठंही येऊ द्यायचं नाही. आणि राहीबाईंनी पुऱ्यांचा विषय काढलाच तर तुम्हीही हसा. मोठ्यानं हसलात तरी चालेल; साताऱ्याहून तासगावापर्यंत आवाज येत नाही.