तीस फुटी ट्रेलर पुष्करला मिळणार नाही

मी, सुनंदा उल्हास खानझोडे, वय सदुसष्ट, मूळची नागपूरची, राहणार केंब्रिज, ऑन्टारियो, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. असं वाक्य सगळ्यांच्याच मृत्युपत्रात असतं आणि त्याकडे कोणी लक्ष देत नाही. इथे मात्र ते थांबून वाचावं, कारण माझ्या मुलाने पोलिसांना याच्या बरोबर उलट सांगितलेलं आहे. डॉक्टरांचं सर्टिफिकेट सोबत जोडलं आहे.

यापूर्वीचं मृत्युपत्र मी रद्द करते. यजमान गेल्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे २००७ साली, ते केलं होतं आणि त्यात सगळं काही माझा एकुलता एक मुलगा पुष्कर याच्या नावे होतं. डोकं तेव्हाही ठिकाणावर होतं. माहिती कमी होती.

कलम १. माझ्यामागे या कागदाप्रमाणे सगळं पार पाडण्याचं काम लियात नवगावकर हिने करावं. लियात ही माझी मैत्रीण नॉर्मा आणि तिचा नवरा सॉल यांची मुलगी. टोरांटोला वकील आहे आणि पुष्करच्या गोड बोलण्याला भुलत नाही. नवगावकर मंडळी मूळची अलिबागकडची ज्यू, मुंबईहून इकडे आलेली. नॉर्मा आणि मी फर्निचरच्या कारखान्यात शेजारशेजारच्या मशीनवर सोफ्यांची कव्हरं शिवत म्हाताऱ्या झालो. मशीनच्या आवाजात ओरडून मराठी बोलायची सवय आम्हा दोघींना अजून आहे, त्यामुळे फोनवर आमचं भांडण चाललंय असं लोकांना वाटतं.

कलम २. माझं राहतं घर माझी नात ऊर्मी हिला, ती पंचवीस वर्षांची झाल्यावर द्यावं. तोपर्यंत लियातने ते भाड्याने द्यावं. पुष्कर आणि माझी सून जाई यांना ते भाड्याने देऊ नये, त्यांनी कितीही चांगलं भाडं देऊ केलं तरी. घराच्या ड्राइव्हवेत त्यांची गाडी, बोट किंवा चाकं असलेली कुठलीही वस्तू ठेवून घेऊ नये. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला पूर्वी समोरच्यांचं मेपलचं झाड दिसायचं. नंतर सबंध हिवाळा मी एक पांढरी पत्र्याची भिंत पाहिली आणि तिच्याभोवतीचा बर्फ शोव्हल केला.

कलम ३. ही भिंत म्हणजे तीस फुटी ट्रेलर, सुट्टीत गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. तो मी नॉर्मा आणि सॉल नवगावकर यांना देते. पुष्कर यावर हरकत घेईल, म्हणून हकीकत सविस्तर लिहिते.

आमच्याकडे आधी छोटा टेंट ट्रेलर होता. बंद केला की मोठ्या पेटीएवढा. हँडल फिरवलं की छप्पर वर जायचं आणि दोन्ही बाजूंनी कापडाखालचे बिछाने बाहेर यायचे. ह्यांनी तो विनिपेगला असताना घेतला. पुढे केंब्रिजच्या कार प्लांटमध्ये नोकरी लागली तेव्हा त्यात सामान भरून आलो. पुष्करची सगळी लहानपणची सुट्टी त्यात गेली. कापड फाटलं की मी शिवायची. हे गेले, तरी मी तो विकला नाही.

२००९च्या वसंतात पुष्कर म्हणाला, "आई, आपण अपग्रेड करू या. ऊर्मी मोठी होतेय, कोको आहे, तूही येशील. सगळी फॅमिली एकत्र." कोको म्हणजे त्यांचा कुत्रा.

आम्ही ट्रेलर बघायला गेलो. आत सोफा, टेबल, मोठा फ्रिज, वॉशरूम, पुढे नवराबायकोची खोली. अगदी मागे दोन बंकची एक खोली होती, तिला दार होतं. पुष्करने खालच्या बंकवर थाप मारली. "आई, हा तुझा. वरचा ऊर्मीचा." मी बूट काढून त्यावर आडवी झाले. डोक्याशी छोटी खिडकी होती. "शी लाइक्स इट," विकणारा माणूस माझ्यासमोर माझ्याबद्दल पुष्करला म्हणाला. मला तो बंक खरंच आवडला होता. छोटा ट्रेलर मी ट्रेड-इनमध्ये दिला, वरचा चेक मी लिहिला, कागदांवर नाव माझं लागलं. पुष्करच्या टाउनहाउसच्या आवारात ट्रेलर चालत नाहीत, म्हणून तो माझ्याकडे उभा राहील असं ठरलं. हे सगळं मी राजीखुशीने केलं. मला कोणी फसवलं नाही. मला फक्त नेलं नाही.

पहिल्या ट्रिपसाठी मी दोन दिवस खपून तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवडा, नारळाच्या वड्या केल्या. शनिवारी सकाळी पुष्कर ट्रेलर जोडायला आला तेव्हा त्याच्या मागच्या गाडीत जाईचा भाऊ देवदत्त होता, बायको आणि दोन मुलांसकट, मॉन्ट्रियलहून आलेला.

"आई, या वेळी जरा टाइट होतंय," पुष्कर म्हणाला. "नेक्स्ट टाइम नक्की."

"आई, तुम्ही किती केलंत," असं म्हणून जाईने डबे उचलले. डबे गेले. मी ड्राइव्हवेत उभी राहिले. बॅग माझ्या हातात होती, ती कोणी पाहिली नाही असं सगळ्यांनी दाखवलं.

नेक्स्ट टाइम मी गेले. खालच्या बंकवर कोको पसरला होता, त्याची चादर घालून.

"त्याला वर चढता येत नाही ना, आई," पुष्कर म्हणाला.

"आणि मला येतं?"

"तुझ्यासाठी डिनेट आहे."

डिनेट म्हणजे जेवायचं टेबल. ते खाली पाडायचं आणि बाकांच्या गाद्या वर मांडायच्या, की बिछाना होतो. सगळ्यांचे पत्ते खेळून संपले की माझी झोपायची वेळ व्हायची आणि सकाळी कोणाला दूध-सिरियलचा नाश्ता हवा झाला की माझी उठायची. त्या गाद्यांना कव्हरं मीच शिवलेली होती. दिवसा सगळे कनू, म्हणजे वल्ह्याची होडी, घेऊन तळ्यावर जायचे आणि मी कोकोबरोबर बसायची. कुत्र्यावर माझा राग नाही. त्याला जिथे झोपवलं तिथे तो झोपला.

२०१०च्या जुलैत मी पुष्करला सांगितलं, की ऑगस्टच्या लाँग वीकएंडला ट्रेलर मला हवा आहे.

तो हसला. "तुला काय करायचंय ट्रेलर?"

"झोपायचंय. नॉर्मा आणि मी लेक ह्युरॉनला जाणार आहोत. सॉल त्याच्या ट्रकने ओढेल."

"आई, त्या वीकएंडला आमचं बुकिंग आहे."

"माझंही आहे."

"वी विल सी," तो म्हणाला. लहानपणी त्याने काही मागितलं की हे वाक्य मी त्याला म्हणायची. त्याचा अर्थ 'नाही' असतो हे मला माहीत आहे.

शुक्रवारी सकाळी सॉल आला. त्याने सगळी उमर हीटिंग-कूलिंगचा धंदा केला, तेव्हाचा मोठा ट्रक अजून त्याच्याकडे आहे. अर्ध्या तासात ट्रेलर जोडला. मी पुष्करला फोन करून मेसेज ठेवला: ट्रेलर मी नेते आहे, सोमवारी आणते, तुमच्या वस्तू गराजमध्ये काढून ठेवल्या आहेत. कोकोची चादर धुऊन ठेवली होती. त्या दिवशी मी खालच्या बंकवर झोपले. छोट्या खिडकीतून पाइनची झाडं दिसत होती. झोप कशी लागली ते लिहिण्याची ही जागा नाही, पण चांगली लागली.

शनिवारी सकाळी मी पोहे करत होते तेव्हा दारावर टकटक झाली. पोलीस. एक तरुण मुलगी, सोनेरी केसांची, फार सभ्य. तिने माझं नाव विचारलं. आज वार कोणता ते विचारलं. मी कुठे आहे ते विचारलं. पंतप्रधान कोण ते विचारलं. मी नाव सांगितलं आणि माझं मतही सांगितलं. मग ती जरा अवघडून म्हणाली, "मॅम, तुमच्या मुलाने कळवलंय की तुम्हाला विसरायला होतं. ओळखीतल्या कोणीतरी तुमचा गैरफायदा घेऊन तुम्हाला आणि ट्रेलरला नेलंय, असं त्यांचं म्हणणं आहे."

ओळखीतलं कोणीतरी माझ्यामागे चहाचा कप घेऊन उभं होतं. पंचवीस वर्षं माझ्या शेजारी बसलेली बाई. नॉर्माने कप खाली ठेवला आणि ती काही बोलली नाही. नॉर्मा बोलत नाही असं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मी पोलीस मुलीला ट्रेलरची नंबर प्लेट तपासायला सांगितलं. मालकीण मीच निघाले. तिने माफी मागितली. माफी तिने मागावी असं काही झालं नव्हतं.

मग मी नॉर्माच्या सेलफोनवरून पुष्करला फोन लावला. "पोलिसांना काय सांगितलंस तू?"

"आई, आय वॉज वरीड."

"माझा मेसेज ऐकला होतास?"

"हो."

"मग?"

"आमचे गेस्ट आलेले होते, आई. सगळं ठरलं होतं. तू असं करशील असं कोणाला वाटणार? नॉर्मल नाहीये हे."

मागून ऊर्मीचा आवाज आला. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. "शी इज नॉट कन्फ्यूज्ड, डॅड. शी इज मॅड."

मॅड म्हणजे इथल्या बोलण्यात रागावलेली. त्या घरात माझी विचारपूस एवढीच झाली. कलम २ मध्ये घर कोणाला आणि का, हे आता कळलं असेल.

कलम ४. त्या सप्टेंबरात पुष्करने मला न विचारता माझ्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. मी गेले. मला घड्याळ काढायला सांगितलं, शब्द लक्षात ठेवायला सांगितलं, शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "मिसेस खानझोडे, यू आर फाइन." पुष्कर शेजारी बसला होता. त्याच्या तोंडावर मी आनंद शोधला. आई शाबूत आहे म्हटल्यावर मुलाला होतो तसा. तो म्हणाला, "आर यू शुअर?" गाडीत त्याने पॉवर ऑफ अॅटर्नीचा विषय काढला आणि सीनियर्ससाठी एक चांगली जागा बघून ठेवल्याचं सांगितलं. लायब्ररीपाशी सिग्नल होता. मी तिथे उतरले आणि बसने घरी आले. तेव्हापासून मी त्याच्या गाडीत बसलेली नाही. हे मालमत्तेचं कलम नव्हे, पण लिहून ठेवायचं होतं.

कलम ५. माझं शिलाई मशीन नॉर्माला. बँकेतली शिल्लक ऊर्मीच्या शिक्षणाला, थेट कॉलेजात भरावी. मध्ये कोणाच्या हातात देऊ नये.

कलम ६. जाईला माझे स्टीलचे डबे द्यावेत. ते तिच्याकडेच आहेत. तिचा भाऊ देवदत्त याला काही नाही. त्याने ट्रेलरची ऑनिंग, म्हणजे दारावरचं कापडी छत, मोडली आणि फ्रेंचमध्ये सॉरी, 'देझोले', म्हणून मोकळा झाला.

कलम ७. ह्यांची हत्यारं, म्हणजे गराजमधली लाल पेटी, ड्रिल आणि पाने, पुष्करला द्यावीत. ती त्याला मिळावीत असं माझ्या मनात नाही. पण ती माझी नव्हेत, ह्यांची आहेत, आणि हे असते तर त्यालाच दिली असती. त्याला ती वापरता येत नाहीत.

कलम ८. माझे अंत्यसंस्कार पुष्करने करू नयेत. दाहिनीचं बटण ऊर्मीने दाबावं, तिची तयारी असेल तर. नसेल तर सॉलने. सॉल म्हणतो, त्याच्या धर्मात हे बसत नाही. मी त्याला म्हटलं, ट्रेलर घेतोस ना, मग एवढं बघ. त्याने नॉर्माकडे पाहिलं आणि होकाराची मान हलवली. पुष्करने यावं, शेवटच्या रांगेत बसावं. कोणी आधी येऊन पुढची जागा धरली असेल तर त्याने तक्रार करू नये.

कलम ९. या उन्हाळ्यात आम्ही तिघं दोनदा जाऊन आलो. सॉलला पाठीचा त्रास आहे, म्हणून तो मला ट्रक शिकवतो आहे. रविवारी सकाळी मॉलचा पार्किंग लॉट रिकामा असतो, तिथे मी ट्रेलर रिव्हर्स घेते. डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं. नॉर्मा मागे उभी राहून ओरडते. परवा मी तो दोन पांढऱ्या रेघांच्या मध्ये सरळ नेऊन उभा केला. म्हातारपणी डोकं चालत नाही म्हणणाऱ्यांनी हे करून दाखवावं.

मी मृत्युपत्र लिहिते आहे हे ऊर्मीकडून पुष्करच्या कानावर गेलं असावं. काल त्याचा फोन आला. आधी हवा, मग माझे गुडघे, मग ऊर्मीची शाळा.

"आई," तो शेवटी म्हणाला, "विलमध्ये मी आहे ना?"

"आहेस," मी म्हटलं. "जवळजवळ प्रत्येक कलमात आहेस."

"थँक्स, आई," तो म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि त्यातला एकही शब्द मागे घेत नाही.

सही: सुनंदा उल्हास खानझोडे

आमच्यासमोर सही केली. आम्हा दोघांना या मृत्युपत्रात काहीही मिळत नाही:
साक्षीदार १: प्रमोदिनी हेमचंद्र बापट, केंब्रिज
साक्षीदार २: शरदचंद्र विनायक देव, किचनर

ठिकाण: केंब्रिज, ऑन्टारियो
दिनांक: २ सप्टेंबर २०११