पेटीवरचं नाव

रविवार, संध्याकाळ. कडेगाव.

दीर आज पुन्हा आले. माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

ह्यांच्या फौजेतल्या लोखंडी पेटीत मी मटणाला धुरी देणार आहे. खाली भंगारातून आणलेला बंब, त्याचा धूर पाइपातून पेटीत. नागालँडला असताना ह्यांनी तसलं मटण खाल्लं होतं. घरी करू म्हणायचे. त्याआधीच गेले.

"आवं वैनी, दादाची पेटी हाय ती. वर नाव हाय त्याचं."

"तीन वर्सं तुमच्या गोठ्यात पेंड भरली व्हती तिच्यात. तवा न्हाई दिसलं नाव?"

तरी दीर गेले नाहीत.

आधी रिकाम्या पेटीत जाळ करून रंग जाळावा लागतो, नाहीतर तो मटणाला लागतो. पुस्तकात वाचलंय. म्हणजे नाव जाणार, हे मला आठवडाभर माहीत होतं. मग त्यांच्यावर एवढी का खेकसले?

जाळ पेटवला तशी झाकणावरची पांढरी अक्षरं फुगली, मग सुटली. शेवटचं अक्षर जाईपर्यंत दीर टोपी हातात घेऊन उभे होते.

त्याचाच राग आलाय. ते मला एकटीला बघायचं होतं.